शेवंड आहे, होडी आहे, धक्का कुणाचा?

आपल्याकडे मच्छीमारांच्या अडचणींवर कुणी लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: समुद्रात मासा राहिला नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात या शतकाच्या सुरुवातीला गोष्ट उलटी होती. शेवंड भरपूर मिळत होती आणि दरवर्षी वाढत होती. २०१६ साली तर तिथे १३ कोटी पौंडांवर, म्हणजे साधारण ६० हजार टन शेवंड उतरली आणि मच्छीमारांच्या हाती ५० कोटी डॉलरहून जास्त पैसे आले. तरीही किनाऱ्यावरची नि बेटांवरची मच्छीमार गावं चिंतेत होती, कारण पकडलेला माल उतरवायची जागा हातची जात होती.

या जागेच्या प्रश्नात एका स्वयंसेवी संस्थेनं काय केलं आणि तिचं कुठे अडलं, ते या प्रकरणात पाहायचं आहे. संस्थेचं नाव आयलंड इन्स्टिट्यूट, मुक्काम रॉकलंड, स्थापना १९८३. मुख्य गाव म्हणून पोर्ट क्लाइड घेतलं आहे, पण प्रश्न साऱ्या किनाऱ्याचा असल्यामुळे मधूनमधून इतर गावांतही जावं लागेल.

धक्क्यावर काय काय चालतं

मेनची शेवंड आपल्या शेवंडीसारखी नसते. तिला पुढे दोन जाडजूड नांग्या असतात आणि ती थंड, खडकाळ तळाशी राहते. तिला पकडतात पिंजऱ्यांनी. एका परवान्यावर जास्तीत जास्त ८०० पिंजरे टाकता येतात. प्रत्येक पिंजऱ्यात आमिष म्हणून खारवलेला मासा भरायचा, पिंजरा दोरीनं तळाशी सोडायचा, वर आपल्या रंगाचा तरंगता बोया ठेवायचा आणि दोन-चार दिवसांनी येऊन ओढायचा. लहान शेवंड परत समुद्रात, फार मोठी तीही परत. अंडी असलेल्या मादीच्या शेपटीला खाच पाडून तिला सोडून देतात आणि खाच असलेली मादी पुढे कुणाच्याही पिंजऱ्यात आली तरी ती ठेवता येत नाही. (मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणारी चपटी शेवंड १९९०च्या दशकात जवळजवळ संपली. त्यामुळे हा खाचेचा नियम वाचताना आपल्याला थोडं लागतंच.)

या धंद्याचा आणखी एक नियम पुढच्या साऱ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. मेनमध्ये शेवंडीचा परवाना माणसाच्या नावावर असतो आणि त्या माणसानं स्वतः होडीवर असावं लागतं. कंपनीला परवाने गोळा करून पगारी तांडेल ठेवता येत नाहीत. जगात अनेक ठिकाणी मासेमारी हळूहळू मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली, मेनमध्ये शेवंडीच्या बाबतीत ते झालं नाही, ते या नियमामुळे. पण परवाना विकत घेता येत नसला तरी धक्का विकत घेता येतो, आणि त्याला हा नियम काहीच करू शकत नाही.

आता धक्का म्हणजे तिथे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. होडी खोल पाण्यात नांगरलेली असते. पहाटे लहान डोणीतून तिच्यापर्यंत जायचं, ती धक्क्याला आणायची, आमिषाची पिंपं यारीनं उतरवून घ्यायची, डिझेल भरायचं. दुपारी परत आल्यावर त्याच धक्क्यावर माल तोलायचा. खरेदीदार किंवा सहकारी संस्था तो घेते आणि पाण्यात तरंगत्या खोक्यांमध्ये जिवंत ठेवते. हिवाळ्यात शेकडो पिंजरे काढून रचायला मोकळी जागा लागते, पिकअप गाडी उभी करायला जागा लागते. शिवाय मेनमध्ये भरती-ओहोटीतला फरक ९-१० फुटांपासून पूर्वेकडे १८-२० फुटांपर्यंत जातो. त्यामुळे ज्या धक्क्याला ओहोटीतही पाणी राहतं त्याची किंमत वेगळी, आणि जो दिवसातले सहा तास चिखलात उभा असतो त्याची वेगळी.

एका गावचा धक्का गेला तर पुढच्या गावी जाऊन धंदा करावा, असं बाहेरच्याला वाटेल. कायद्यानं ते शक्य आहे, रिवाजानं नाही. मेनच्या किनाऱ्यावर प्रत्येक बंदराचं आपलं पाणी असतं. कुठल्या खडकापासून कुठल्या बेटापर्यंत कोणत्या गावचे पिंजरे पडतील, हे कागदावर कुठेच नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. परक्यानं तिथे पिंजरे टाकले तर आधी दोरीला गाठ मारून इशारा मिळतो, मग दोरी कापली जाते. गावात राहणं आणि गावच्या पाण्यात मासेमारी करणं अशा रीतीनं एकमेकांत गुंतलं आहे. धक्का गेला की माणसाचं समुद्रातलं शेतही व्यवहारात जातं.

घेणारा कोण

मेनच्या किनाऱ्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपासून उन्हाळी पाहुणे येतात. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे पैसेवाले लोक बेटांवर घरं बांधून राहतात आणि थंडी सुरू झाली की परततात. मच्छीमार नि उन्हाळकरी यांचं नातं जुनं आहे आणि सगळंच कडवट नाही. बोटी दुरुस्त करणं, घरं राखणं, सुतारकाम अशी बरीच कमाई त्यांच्यामुळेच होते. पण १९८०च्या दशकापासून किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव इतके चढले की जुना धक्का मोडून तिथे घरं बांधणं सोयीचं ठरू लागलं. पोर्टलंड शहरात धक्क्यावर सदनिका उभ्या राहिल्यावर लोक खवळले आणि १९८७ मध्ये मतदानानं पाच वर्षं बंदराच्या काठावर समुद्राशी संबंध नसलेलं बांधकाम थांबवलं. लहान गावांत इतकं बळ नव्हतं.

विकत घेणाऱ्यापेक्षाही जास्त घाण केली करानं. मेनच्या राज्यघटनेनुसार मालमत्ता करासाठी जमिनीचं मूल्य बाजारभावानं धरावं लागतं. शेजारच्या जागेवर लाखो डॉलरांचं घर उभं राहिलं की धक्क्याची जमीनही त्याच भावाची धरली जाते, मग त्यावर आमिषाची पिंपं असोत की पोहण्याचा तलाव. मच्छीमाराची विकण्याची इच्छा नसते, पण दरवर्षीचं बिल त्याला विकायला लावतं. बाप गेल्यावर भावंडांत वाटणी आली की मग संपलंच. धाकटा बॉस्टनला नोकरीत, बहीण फ्लोरिडात, आणि थोरल्याजवळ दोघांचा हिस्सा घेण्याइतके पैसे नाहीत. हे वाचताना कुणा कोकणी वाचकाला आपल्या घरची वाटणी आठवली तर नवल नाही.

संस्था कुठून आली

मेनच्या किनाऱ्याजवळ तीन हजारांहून अधिक बेटं आहेत. शतकाभरापूर्वी त्यांतल्या सुमारे ३०० बेटांवर बारमाही वस्ती होती, असं संस्था सांगते. आज पूल नसलेली अशी बेटं १५ राहिली आहेत: व्हायनलहेवन, नॉर्थ हेवन, मोन्हीगन, मटिनिकस, फ्रेंचबरो वगैरे. व्हायनलहेवनवर साधारण १,२०० माणसं राहतात आणि शेवंडीच्या उतरणीत ते राज्यातल्या पहिल्या काही बंदरांत मोडतं. मोन्हीगनवर हिवाळ्यात शंभराच्या आत माणसं असतात.

वनशास्त्र शिकलेले फिलिप कॉंकलिंग आणि छायाचित्रकार पीटर राल्स्टन या दोघांनी संस्था काढली. दोघांची गाठ पडली ती पोर्ट क्लाइडसमोरच्या ॲलन बेटावर. ते बेट बेट्सी वायथ या बाईंनी १९७९ मध्ये घेतलं होतं, आणि होडीतून मेंढ्या नेऊन त्या ओसाड बेटावर पुन्हा चराई सुरू करण्याचा त्यांचा उद्योग चालू होता. पुढे संस्थेनं बेटांवर जे केलं त्याची यादी लांबलचक आहे: वर्तमानपत्र, वार्षिक अंक, शाळांना मदत, वीज, इंटरनेट, समुद्री शेवाळ नि कालवांच्या शेतीचं प्रशिक्षण. १९९९ पासून नुकते पदवीधर झालेले तरुण दोन वर्षांसाठी बेटावर राहायला पाठवण्याचा उपक्रम चालतो. ते गावात भाड्यानं राहतात, गावसभेला बसतात आणि गावाला हवं ते काम करतात. माझ्या मते हा त्यांचा सर्वात शहाणा उपक्रम आहे, कारण बेटाची खरी अडचण हिवाळ्यातच कळते, आणि जुलैत भेट देणाऱ्या तज्ज्ञाला ती दिसत नाही. पण आपला विषय धक्क्यांचा आहे, तिकडे वळू.

२० मैल

धक्के जात आहेत, हे २००० च्या आसपास किनाऱ्यावर प्रत्येकजण म्हणत होता. राज्याच्या राजधानीत, ऑगस्टा शहरात, मात्र त्यावर एकच प्रश्न यायचा: किती? उत्तर कुणाजवळच नव्हतं. गावाच्या कर नोंदीत धक्का 'व्यापारी मालमत्ता' म्हणून असतो. ती खानावळही असू शकते. मत्स्य खातं मासे मोजतं, धक्के मोजत नाही.

आयलंड इन्स्टिट्यूटनं किनाऱ्यावरच्या १४२ गावांचे नकाशे काढायचं ठरवलं. नुसत्या विमानातून घेतलेल्या चित्रांवर हे भागणारं नव्हतं. चित्रात धक्का दिसतो, तो ओहोटीत कोरडा पडतो का ते दिसत नाही. तिथे मच्छीमाराला माल उतरवू देतात की ती एखाद्याची खासगी नौकानयनाची जागा आहे, हेही दिसत नाही. त्यामुळे गावोगावच्या जाणत्या माणसांना विचारत, नकाशावर खुणा करत हे काम झालं. २००७ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. मेनचा सगळा वळणावळणाचा किनारा धरला तर ५,३०० मैल, आणि त्यात धंदेवाईक मासेमारीच्या कामी येणारा किनारा जेमतेम २० मैल. खाऱ्या पाण्यापर्यंत जाण्याच्या १,५५५ जागा सापडल्या, त्यांतल्या ८८८ ठिकाणी मासेमारीचं काही ना काही काम होत होतं. आणि सगळ्या वेळी पाणी, डिझेल, गाड्या उभ्या करायला जागा असं सगळं एकत्र असलेल्या अव्वल जागा ८१ निघाल्या.

हा २० मैलांचा आकडा गाजला. आमदारांच्या तोंडी आला, वर्तमानपत्रांत आला, पुढे सगळ्या कायद्यांच्या चर्चेत आला. यात थोडी गंमत आहे. ५,३०० मैलांत प्रत्येक बेटाचा नि प्रत्येक खाचेचा किनारा मोजलेला आहे, आणि त्यातला बराचसा खडकाळ, उघड्या लाटांचा, जिथे धक्का बांधण्याचा विचार कुणी कधी केलाच नसता. म्हणजे २० भागिले ५,३०० हे गुणोत्तर ऐकायला भयंकर असलं तरी तसं अर्थपूर्ण नाही. खरा उपयोगी आकडा ८१ आहे. अव्वल जागा इतक्या कमी असतील, तर त्यांतल्या प्रत्येक जागेच्या मालकाशी बोलता येतं, प्रत्येकीचा वारस कोण ते विचारता येतं. मोजणीनं प्रश्न भाषणातून काढून यादीत आणला. प्रचाराला २० मैल आणि कामाला ८१ जागा, असा त्या अहवालाचा दुहेरी फायदा झाला.

कायदा काय देतो, काय देत नाही

मोजणी चालू असतानाच संस्था एका मोठ्या गटात उतरली होती. त्यात मच्छीमारांच्या संघटना होत्या आणि किनारी उद्योगांना कर्ज देणारी कोस्टल एंटरप्रायझेस ही १९७७ पासूनची संस्था होती. २००५ च्या नोव्हेंबरात मेनच्या मतदारांनी दोन गोष्टी मंजूर केल्या. एक म्हणजे घटनादुरुस्ती: शेत नि जंगल यांच्यासारखीच मासेमारीच्या किनाऱ्यावरही सध्याच्या वापराप्रमाणे कर आकारता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे जमीनरक्षणाच्या १.२ कोटी डॉलरच्या रोख्यांतून २० लाख डॉलर धक्क्यांसाठी राखून ठेवणं.

करसवलत ऐकायला मोठी होती, हातात आली ती बेताची. जागा प्रामुख्यानं मासेमारीसाठी असेल तर मूल्यात १० किंवा २० टक्के घट, आणि जागा कायमची मासेमारीसाठीच राखून दिली असेल तर वर ३० टक्के. पण एकदा सवलत घेऊन नंतर जागा दुसऱ्या कामाला लावली तर दंड. ज्याची जमीन शेजारच्या बंगल्यांच्या भावानं धरलेली आहे त्याला १० टक्के घटीनं कितीसा फरक पडणार? आणि दंडाची भीती दाखवल्यावर म्हातारा मच्छीमार वकिलाकडे जाण्यापेक्षा गप्प बसणंच पसंत करतो.

दुसरा मार्ग जास्त चालला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. धक्क्याची जमीन विकली तर बंगल्याच्या भावानं विकली जाईल, मासेमारीच्या कामाला ठेवली तर तिची किंमत बरीच कमी. या दोन किमतींमधला फरक म्हणजे विकासाचा हक्क. राज्य मालकाला या हक्काचे पैसे देतं आणि बदल्यात जमिनीच्या दस्तावर कायमची अट चढते: इथे मासेमारीच्या कामाला आड येणारं काही बांधायचं नाही, आणि विकायची वेळ आली तर आधी राज्याला विचारायचं. मालक मालकच राहतो. मिळालेल्या पैशांतून तो भावंडांचे हिस्से घेतो, खांब बदलतो, कर्ज फेडतो. मेनमधल्याच यॉर्क इथे याच पद्धतीचं एक उदाहरण आधीच घडलं होतं. तिथे दोन लॉबस्टरवाल्यांनी स्थानिक जमीन न्यासाला विकासाचा हक्क विकून धक्का स्वतःकडे राखला. सरकारी योजनेत आजवर पंचवीसहून अधिक धक्के असे राखून घेतले गेले. ८१ अव्वल जागांच्या मानानं ही संख्या क्षुल्लक नाही. सगळ्या ८८८ जागांच्या मानानं अगदीच थोडी.

या पद्धतीबद्दल एक शंका मला राहते. कायमची अट घातली की तीस वर्षांनी येणाऱ्या मच्छीमारालाही ती बांधते. मेनची खाडी, म्हणजे मेनसमोरचा समुद्र, जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगानं तापते आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार २००४ ते २०१३ या काळात तिच्या पृष्ठभागाचं तापमान जगाच्या ९९ टक्के महासागरांपेक्षा वेगानं वाढलं. शेवंड थंड पाण्याच्या शोधात उत्तरेकडे सरकते आहे, आणि २०२२ पासून राज्याची वार्षिक उतरण दहा कोटी पौंडांच्या खाली आली आहे. उद्या इथे शेवंड नसेल आणि शेवाळ किंवा कालवं असतील, तर धक्का लागेलच, फक्त मांडणी वेगळी. म्हणून अटीत विशिष्ट माशाचं नाव न घालणं हा शहाणपणा होता.

पोर्ट क्लाइड

सेंट जॉर्ज या गावाच्या टोकाचं हे लहान बंदर. मोन्हीगनची टपाल नि प्रवासी बोट इथून सुटते, म्हणजे हा धक्का गेला तर तासाभराच्या अंतरावरचं एक अख्खं बेट अडकतं. पण पोर्ट क्लाइडची ओळख शेवंडीपुरती नव्हती. इथे कॉडसारखे तळचे मासे पकडणाऱ्या जाळ्याच्या बोटीही होत्या, पूर्वेकडे कॅनडाच्या सीमेपर्यंत उरलेल्या शेवटच्या काही बोटींपैकी.

त्यांच्या मालाला लिलावात भाव मिळेना, तेव्हा २००७ च्या हिवाळ्यात आयलंड इन्स्टिट्यूटच्या मदतीनं एक वेगळा व्यवहार सुरू झाला. रॉकलंडच्या एका चर्चमधल्या मंडळींनी हंगामाआधी पैसे भरून कोळंबीचे वाटे घेतले आणि दर आठवड्याला मच्छीमार ती कोळंबी तिथे आणून देऊ लागले. शेतकऱ्याच्या भाजीचे वाटे आधी विकत घेण्याची पद्धत अमेरिकेत रुळलेली होती, माशांसाठी ती पोर्ट क्लाइडनं आणली आणि नंतर दोन्ही किनाऱ्यांवर पसरली. मच्छीमारांच्या संघटनेचे अध्यक्ष ग्लेन लिबी यांचं नाव त्यामुळे देशभर गेलं. मात्र त्यांचा समुद्र त्यांना साथ देत नव्हता. मेनच्या खाडीतल्या कॉडचा कोटा २०१३ मध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक कापला गेला आणि २०१४ च्या हंगामापासून कोळंबीची मासेमारी बंद झाली. विक्रीची उत्तम रीत सापडली आणि विकायचा मालच गेला. धक्क्याची गोष्ट सांगताना हे सांगायला हवं, कारण नाहीतर असं वाटेल की जागा टिकली की सगळं टिकतं.

२७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री पोर्ट क्लाइडच्या धक्क्याला आग लागली. मोन्हीगनच्या बोटीची कचेरी, शेजारची खानावळ नि इमारती जळाल्या. गाव सावरतंय तोच २०२४ च्या जानेवारीत, १० आणि १३ तारखेला, तीन दिवसांच्या अंतरानं दोन वादळं आली. दोन्ही आग्नेयेकडून, म्हणजे उघड्या समुद्राच्या बाजूनं, आणि दुसरं तर ऐन उधाणाच्या भरतीला. पोर्टलंडच्या मापकावर १३ जानेवारीला पाणी १४.५७ फुटांवर गेलं. नोंदी सुरू झाल्यापासून, म्हणजे १९१२ पासून, एवढं पाणी कधीच चढलं नव्हतं. १९७८ च्या फेब्रुवारीतला जुना उच्चांकही मागे पडला. किनाऱ्यावर ठिकठिकाणी धक्के, मासळीच्या खोपी, यारी, आमिषाच्या खोल्या वाहून गेल्या.

आणि इथे या सगळ्या प्रकरणाची मधली भेग उघडी पडली. केंद्र सरकारची आपत्ती यंत्रणा सार्वजनिक मालमत्तेला पैसे देते आणि घर पडलेल्या कुटुंबाला मदत करते. खासगी मालकीचा व्यापारी धक्का दोन्हींत बसत नाही. त्याला मिळालं तर कर्ज. पाण्यात उभ्या असलेल्या लाकडी धक्क्याचा विमा मिळणं कठीण, मिळाला तर हप्ता परवडत नाही. म्हणजे धक्का गावाला लागतो आणि पडतो तेव्हा मालकाचा असतो. संस्थेनं आणि इतरांनी छोटी अनुदानं दिली, अर्ज भरायला माणसं दिली. मग राज्यानं वादळ मदतीसाठी ६ कोटी डॉलरचा कायदा केला, त्यातले २.५ कोटी मासेमारीच्या किनाऱ्यासाठी. उन्हाळ्यात ६८ धक्क्यांना मिळून २.१ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मंजूर झाली, तेवढीच रक्कम मालकानं घालायची या अटीवर. खासगी धक्क्यावर सरकारनं इतका पैसा खर्च करणं मेनमध्येही सहज पटणारं नव्हतं. ते पटलं याचं बरंचसं श्रेय मागच्या वीस वर्षांच्या मोजणीला आणि बडबडीला आहे. आमदारांना तोवर 'मासेमारीचा किनारा' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

अवघड जागेचं दुखणं

संस्थेवर एक टीका होऊ शकते आणि ती टाळून चालणार नाही. बेटांवर जमिनीचे भाव चढवणारा उन्हाळकरी वर्ग आणि अशा संस्थांना मोठ्या देणग्या देणारा वर्ग, हे बऱ्याच अंशी एकच आहेत. मच्छीमाराची बाजू घेताना देणगीदाराला दुखवायचं नाही, ही कसरत कार्यक्रमांच्या निवडीत दिसते. इंटरनेट, शिष्यवृत्ती, शेवाळाची शेती यांवर कुणाचाच आक्षेप नसतो. दुसऱ्या घरांवर जादा कर लावा, असं म्हणणं अवघड. माझ्या मते या मर्यादेतच त्यांनी सर्वात चांगली वाट काढली, ती धक्क्याच्या विकास हक्काची. तिच्यात उन्हाळकऱ्याला कुणी दोष देत नाही, त्याच्या मालमत्तेला हात लावत नाही, आणि तरी त्याला ती जागा बंगल्यासाठी कधीच मिळणार नाही याची तजवीज होते. ही तडजोड आहेच. पण धक्का हातचा गेल्यावर तत्त्वाला धरून राहिल्याचं समाधान बेटावरच्या माणसाला काय कामाचं?

आपल्याकडचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळा विषय आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं आणि मासे उतरवण्याची १५२ केंद्रं नोंदली आहेत. म्हणजे मोजणी होते. पण त्यात केंद्राची जमीन कुणाच्या नावावर, ओहोटीत होडी लागते का, मासे वाळत घालायची जागा पुढे कशासाठी राखीव दाखवली आहे, हे येत नाही. वरळी कोळीवाड्याच्या लोकांना सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या जाव्यात म्हणून दोन खांबांमधलं अंतर ६० ऐवजी १२० मीटर करून घ्यायला कित्येक महिने तिथल्याच क्लीव्हलँड बंदरावर लढावं लागलं आणि २०२२ च्या डिसेंबरात ते मान्य झालं. होड्या कुठून जातात याचा नकाशा आधी सरकारच्या टेबलावर असता तर खांबांची जागा आखतानाच तो प्रश्न आला असता.

परत पोर्ट क्लाइडला. २००७ पासून, म्हणजे मोजणी प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, एल. एल. बीन या मेनच्या प्रसिद्ध दुकानाच्या संस्थापकाची नात लिंडा बीन यांनी पोर्ट क्लाइडसह काही बंदरांतले शेवंडीचे धक्के विकत घ्यायला सुरुवात केली. पोर्ट क्लाइडचा धक्का आणि त्याला लागून असलेलं गावचं किराणा दुकान त्यांच्याकडे होतं. त्यांनी धक्के बंगल्यांसाठी विकले नाहीत, शेवंड खरेदीचा धंदा चालवला. गावात त्यांच्याबद्दल मतं अनेक होती, पण होड्यांना आमिष नि डिझेल मिळत राहिलं. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांचं निधन झालं. चांगला मालक मिळणं हा नशिबाचा भाग आहे, आणि त्याच्यामागे वारस येतात, वारसांना कर येतो, शेजारच्या जमिनीचा भाव येतो. अशा धक्क्याच्या दस्तावर अट चढवायची तर मालक जिवंत आणि राजी असताना, विक्रीची पाटी लागण्याआधी. ८१ जागांच्या यादीचं पुढचं काम तेच आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा दर काही वर्षांनी मतदारांकडे नव्यानं मागावा लागतो.